आधी एक पावसाळा काढ तिथे

(पत्र मोठं होतं. ओळख लागू नये म्हणून काही तपशील काढून थोडक्यात देतेय.)

वय 47. अंधेरीला एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघते, हातात 38 हजार येतात. लग्नाला 21 वर्षं झाली, घर मुलुंडला, फ्लॅट दोघांच्या नावावर, हप्ताही अर्धा-अर्धा. मुलगी पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी कपाट उघडलं तर पाटल्या, तोडे, आईने दिलेला चपलाहार, सगळ्यांचे डबे रिकामे. नवऱ्याने एफ अँड ओमधला, म्हणजे शेअर बाजारातल्या वायद्यांच्या व्यवहारातला, तोटा भरायला दागिने गोल्ड लोनला ठेवले होते. विचारल्यावर आधी नाही म्हणाला, मग कबूल केलं, आणि मग त्यानेच अबोला धरला तो पाच महिने. ऑक्टोबरमध्ये ही बाहेर पडली. मैत्रिणीच्या ओळखीने वेसाव्यात (वर्सोव्याच्या कोळीवाड्यात) एक खोली-किचन मिळालं, भाडं 16 हजार. रोज पहाटे किनाऱ्यावर जाते, शेजारच्या कोळीणबाईंशी गट्टी जमलीये, रात्री साडेनऊला झोप येते. आता सात महिन्यांनी नवऱ्याचा मेसेज आला, "झालं गेलं विसर, घरी ये, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तिला तुझी गरज आहे." भाऊ म्हणतो जा, मारत तर नव्हता ना. मुलगी म्हणते, आई तू तिथे सेटल झालीस तर माझं घर कुठलं? इकडे शेजारची एक खोली 22 लाखांना विकायला निघालीये, नोटरीवर. हिच्याकडे सात लाखांची एफडी आहे, पीएफ काढून आणि बाकीचे उसने घेऊन ती घ्यावी असं मनात आहे. प्रश्न असे: परत जाऊ का? की खोली घेऊन टाकू? आणि मला इथे इतकं बरं वाटतं, हा स्वार्थ आहे का, मी पळून आले का?

---

प्रिय मैत्रिणी,

तुझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठी आहे म्हणून सरळ अगं-तुगं करते, चालेल ना.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले. 'पळून' हा शब्द चार वेळा आलाय. आणि त्याच पत्रात तू लिहिलंयस की निघायच्या आदल्या दिवशी गॅसचा नंबर लावला, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या आणून ठेवल्या, चावी शेजारच्या काकूंकडे दिली, मुलीला फोन केला आणि मग दोन बॅगा घेऊन रिक्षात बसलीस. अगं, असं कुणी पळतं का? एवढ्या बंदोबस्ताने तर लोक काशीयात्रेलाही जात नाहीत. तो शब्द तुझा नाहीये, भावाचा असेल, आईचा असेल, कुणाचा तरी ऐकून तुझ्या तोंडात बसलाय. तो आधी काढून टाक, कारण पळून आलेल्या माणसाला कायम दोनच गोष्टी सुचतात, एक तर मान खाली घालून परत जायचं नाहीतर परतीची वाट तोडूनच टाकायची. तुझे प्रश्नही बघ, तसेच आहेत. नवऱ्याकडे जाऊ की खोली विकत घेऊ? या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, सांग बरं? लग्नाचा निर्णय वेगळा, घराचा वेगळा, आणि यातला कुठलाच या महिन्यात घ्यायची गरज नाहीये.

आता समुद्राबद्दल. "समुद्राने मला जगवलं" असं तू लिहिलंयस आणि ते वाचून मला छानही वाटलं आणि जरा काळजीही वाटली. मी माहीमला राहते, खिडकीतून समुद्र दिसतो, गेली तीसेक वर्षं दिसतोय, म्हणून थोडं बोलायचा हक्क आहे असं समजते. तू आलीस ऑक्टोबरमध्ये. म्हणजे तू त्याला ऑक्टोबर ते मे असा बघितलायस, शहाण्या मुलासारखा, बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळतायत, संध्याकाळी वारा सुटतोय. जून अजून बघायचाय. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकून ठेवतात, तुझी ती पहाटेची गजबज, टोपल्या, आरडाओरडा, निम्म्याहून जास्त थांबते. आणि घरात काय होतं ते ऐक. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकले तरी मिठाचं पाणी होतं, चपलांवर हिरवी लव येते, बिस्किटाचा पुडा फोडला की त्याच दिवशी संपवायचा, कपडे चार-चार दिवस दमट, आणि पंख्याच्या पात्यांवर, खिडकीच्या ग्रीलवर, फ्रीजच्या मागच्या जाळीवर गंज. आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी ग्रील रंगवावं लागतं. बारमाही समुद्राशेजारी राहणं म्हणजे घराची बारमाही डागडुजी. हे तुला घाबरवायला नाही सांगत गं, 22 लाख टाकायच्या आधी एक पावसाळा त्या खोलीत काढ एवढंच म्हणतेय. भिंतीला ओल कुठून येते, गल्लीत पाणी किती चढतं, हे कुठलाही एजंट मे महिन्यात दाखवत नाही.

आणि दुसरं असं की तुला बरं वाटतंय त्याचं सगळं श्रेय समुद्राला देऊ नकोस. त्या कोळीणबाईंनी तुला भरतीचं गणित शिकवलं असं लिहिलंयस, तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मी आमच्या खिडकीतून ताडून बघितलं, थोडंफार पुढेमागे होतं पण येतं बरोबर. तर मुद्दा असा की तू पत्रात या गणितावर अख्खं पानभर लिहिलंस आणि त्या पानात एकदाही नवरा नाही, सासूबाई नाहीत, डबा नाही, कोण रुसलंय कोण जेवलंय काही नाही. एकवीस वर्षं तुझ्या दिवसाचं टाइमटेबल दुसऱ्यांच्या मूडवर चालत होतं, आता ते भरती-ओहोटीवर आणि तुझ्या मस्टरवर चालतं. दाराची चावी एकच आणि ती तुझ्या पर्समध्ये. साडेनऊला झोप येते ती त्यामुळे. शिवाय मुंबईत एखादीला तासभर, फुकट, कुणाला कारण न सांगता बसता येईल अशा जागा किती आहेत? देवळात बसलं तर लोक विचारतात कसलं संकट, बागेत बसलं तर वॉचमन शिट्ट्या मारतो, हॉटेलात चहा संपला की वेटर बिल आणून ठेवतो. समुद्रावर बसलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. (तुझी ती कोळीणबाई सोडून, "काय गो बाय, रोज काय बगतंस पान्यात?" हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले.) म्हणून उद्या कुठल्याही कारणाने वेसावं सोडावं लागलं तरी तुझं बरं वाटणं तिथे राहून जाणार नाहीये. माझी एक मैत्रीण घटस्फोटानंतर हौसेने गोराईला राहायला गेली, दोन पावसाळे काढले, रोज खाडी ओलांडून फेरीने येण्याजाण्याचा कंटाळा आला आणि गपचूप बोरिवलीला दुसऱ्या मजल्यावर येऊन राहिली. हरली वगैरे काही नाही, गुडघे दुखायला लागले इतकंच, आणि नवऱ्याकडे परत जायचा विषय तर तिच्या डोक्यातही आला नाही.

बरं, आता नवरा. मी त्यांना ओळखत नाही, एकाच बाजूचं पत्र माझ्यासमोर आहे, त्यामुळे वाईट माणूस वगैरे शिक्का मी मारणार नाही. एफ अँड ओमध्ये भलेभले बुडालेत आणि लाजेने घरात बोलत नाहीत, हे मी बघितलंय. पण तो मेसेज मी परत परत वाचला. त्यात आईचं ऑपरेशन आहे, विसर आहे, ये आहे. दागिन्यांचा 'द' नाही. पाच महिन्यांच्या अबोल्याबद्दल एक शब्द नाही. आणि गरज आहे ती आईला. चूक त्यांची आणि रुसलेही तेच, आणि आता समजूत काढायलाही तूच जायचं?

भाऊ म्हणतो मारत तर नव्हता. हे वाक्य मला इतक्या पत्रांमध्ये भेटतं की आता चीड येते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हा स्वतंत्र प्रकार दिलाय आणि त्यात स्त्रीधनाची विल्हेवाट लावणं स्पष्ट येतं. तुझ्या आईने दिलेला चपलाहार आणि लग्नात अंगावर घातलेले दागिने हे तुझे, एकटीचे, 'घरातलं सोनं' नव्हे. अडचणीत नवऱ्याने वापरलं तर ते परत करायची जबाबदारी त्याची, हे सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये पुन्हा एकदा सांगितलंय. मी तुला केस कर म्हणत नाहीये. जे झालं त्याला नाव आहे एवढं तुला माहीत असावं, म्हणजे पुढच्या वेळी भावाशी बोलताना तुझा आवाज खाली जाणार नाही.

तर मग मेसेजला उत्तर काय द्यायचं? मी असते तर परत येते किंवा येत नाही यातलं काहीच लिहिलं नसतं. "आईंच्या ऑपरेशनची तारीख कळवा, मी हॉस्पिटलला येऊन जाईन. आणि गोल्ड लोनचं स्टेटमेंट पाठवा, किती भरलंय, किती बाकी आहे, हप्ते थकलेत का." बास. सासूबाईंशी तुझं बरं होतं असं लिहिलंयस, मग भेटून ये ना, डबा घेऊन जा वाटलं तर, पण भेटणं आणि राहायला जाणं यात फरक आहे, बॅग घेऊन जाऊ नकोस. स्टेटमेंट मात्र खरंच मागव. हप्ते थकले तर गोल्ड लोनवाले नोटीस देऊन दागिन्यांचा लिलाव करतात, आणि नोटीस जाते कर्ज घेणाऱ्याच्या पत्त्यावर, तुझ्या नाही. तुझा चपलाहार अजून जागेवर आहे की नाही हेच तुला माहीत नाहीये. ते कागद आठवडाभरात आले, सोबत कसं सोडवणार याचा हिशेब आला, एफ अँड ओ बंद केल्याचा काही पुरावा आला, तर माणूस खरंच वाट बघतोय असं समजून पुढचं बोलता येईल, एखाद्या समुपदेशकासमोर बसून. नुसतं "तुला माझ्यावर विश्वास नाही का" असं आलं तर तेही उत्तरच झालं.

कायद्याचं थोडं, कारण तुझ्यासारख्या अजून तिघींनी या महिन्यात हेच विचारलंय. हिंदू विवाह कायद्यात संमतीने घटस्फोट मागायचा तर अर्ज करायच्या आधी निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. तुझं वर्ष ऑक्टोबरमध्ये पूर्ण होतं. अर्ज केल्यावर सहा महिन्यांची मुदत असते, ती योग्य प्रकरणात माफ करता येते असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये म्हटलंय. उलट बाजूने, सबळ कारण नसताना जोडीदाराला सलग दोन वर्षं सोडून राहणं हे घटस्फोटाचं कारण होऊ शकतं, म्हणून तू का निघालीस हे कुठेतरी तारखेसकट लेखी असलेलं बरं, साधा ईमेल का असेना. आणि समज नवऱ्याने 'नांदायला ये' म्हणून कोर्टात अर्ज केला तरी पोलीस येऊन तुला उचलून मुलुंडला नेऊन सोडत नाहीत, ही भीती बऱ्याच जणींच्या मनात असते. वकिलाला पैसे कुठून आणू, असं एकीने विचारलंय. 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली बाईला मोफत वकील मिळू शकतो, उत्पन्न कितीही असलं तरी, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात समुपदेशकही असतात. आणि जिच्या घरात मारहाण आहे तिने हे माझं थांब-बघ वगैरे काहीही ऐकू नये, 112 किंवा महिलांच्या 181 वर फोन करून आधी सुरक्षित जागी जावं. हा सगळा सबुरीचा सल्ला ज्यांना सबुरी परवडते त्यांच्यासाठी आहे.

खोलीचं मात्र मी ठाम सांगते, नोटरीवर घेऊ नकोस. मुंबईत हजारो खोल्या अशा विकल्या जातात, लोक वर्षानुवर्षं राहतातही, हे मला माहितीये. पण नोटरीचा शिक्का म्हणजे मालकी नव्हे, खरेदीखत रजिस्टर झाल्याशिवाय खोली तुझी होत नाही. अशा कागदांवर बँक होमलोन देत नाही, आणि बँकेला जिथे धाकधूक वाटते तिथे तू पीएफ आणि उसनवारी घालायला निघालीयस! गावठाणातली जागा असेल तर प्रॉपर्टी कार्डावर कुणाची नावं आहेत, किती भाऊबंद आहेत, सगळ्यांची सही होतेय का, किनाऱ्याजवळ म्हणून सीआरझेडमुळे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांमुळे, दुरुस्तीला काय परवानग्या लागतात, हे सगळं बघायला स्वतःचा वकील लागतो, विकणाऱ्याचा नाही. पुढे कधी घ्यायचंच झालं तर रजिस्टर होणारं घ्यावं, एकटीच्या नावावर, महाराष्ट्रात महिलांना मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे 2021 पासून. सात लाखांची एफडी ही तुझी झोप आहे गं, ती मोडू नकोस.

त्यापेक्षा आत्ता आहे तेच नीट पक्कं कर. तुझा करार 11 महिन्यांचा आहे, म्हणजे सप्टेंबरमध्ये संपतो. तो रजिस्टर केलाय का हे तू लिहिलं नाहीस. केला नसेल तर नवा करताना करून घे, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे, ती झालेली नसेल तर अटींवरून वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं, हे मालकाला गोड शब्दांत सांगितलं की तो स्वतःच पळत जातो. मुलुंडच्या फ्लॅटचा तुझा अर्धा हप्ता रागाच्या भरात बंद करू नकोस, कर्जात तुझंही नाव आहे, सिबिल तुझाही बिघडेल, आणि भरत राहिलीस तर फ्लॅटमधल्या तुझ्या वाट्याचा पुरावा तुझ्याच बँक स्टेटमेंटमध्ये साठत राहतो. 16 हजार भाडं, वर हप्ता, हाताशी फारसं उरत नसणार हे कळतंय मला. तरी एक मेडिक्लेम स्वतःच्या नावाने घेच. आत्ता तू नवऱ्याच्या कंपनीच्या पॉलिसीत आहेस, घटस्फोट झाला तर ते कव्हर जातं, आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांना 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, पन्नाशीत हे सुरू करण्यापेक्षा आत्ता केलेलं बरं. पीएफ, एफडी, सगळीकडे नॉमिनी कोण आहे तेही बघून ठेव, बहुतेक लग्नानंतर लिहिलेलं नाव तसंच असेल.

राहिली लेक. तिचं वाक्य तुला लागलं, लागणारच. पण ती एकोणीस वर्षांची आहे आणि तिने जे विचारलं ते अगदी खरं आहे, माझं घर कुठलं. त्याला "तुझ्यासाठीच तर सगळं सहन केलं" हे उत्तर नाही, आणि बाबांनी काय केलं याची यादी हेही नाही. सेमिस्टर संपलं की चार दिवस तिला बोलावून घे. कौल मागू नकोस तिच्याकडे, नुसती राहू दे. एकच पलंग आहे ना, मग एक जास्तीची गादी आण, आणि कपाटात एक कप्पा रिकामा करून ठेव तिच्यासाठी, दुसरं काही नको. पहाटे उठली तर ने किनाऱ्यावर, नाही उठली तर झोपू दे, त्या वयात कोण उठतं. बाबांकडे आठ दिवस राहून आली तर "काय म्हणाले" असं विचारायचं नाही. हे जड जाईल तुला.

आणि तो शेवटचा प्रश्न, बरं वाटतं हा स्वार्थ का. सासूबाईंचं ऑपरेशन, लेकीचं घर, भावाची अब्रू, सगळ्यांची सोय मांडून झाल्यावर तू शेवटी हे विचारलंयस, तेही पत्राच्या समासात, आडव्या अक्षरात. स्वार्थी बाई पहिल्या ओळीत लिहिते गं.

नारळी पौर्णिमेला वेसाव्यात असशील तर बघ, नाच-गाणं, नारळ सोडायला सगळं गाव लोटतं, त्या कोळीणबाई तुला नटवून नेल्याशिवाय राहणार नाहीत. त्यानंतर मला पत्र टाक, स्टेटमेंट आलं की नाही आणि खोली गळते का ते कळव. आणि मालकाला खिडकीवर पावसाळी पत्रा मारायला आत्ताच सांग, जूनमध्ये माणूस मिळत नाही.

तुझी,
ताई